हृदयाची ट्रेडमिल चाचणी : काय घडते, काय सांगावे



डॉक्टरांनी ट्रेडमिल चाचणीची चिठ्ठी दिली की आपल्या समाजात दोन प्रकारची माणसे आढळतात. काही जण घाबरून ती चिठ्ठी खिशातच ठेवतात. काही जण तिला शाळेची परीक्षा समजतात आणि दुखले तरी दात-ओठ खाऊन 'पास' व्हायचे ठरवतात. या दोघांशीही आम्हाला आज बोलायचे आहे.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयाला थोडे रक्तही पुरते. म्हणून धमनी अरुंद झालेली असली तरी साध्या ई.सी.जी.त पुष्कळदा दोष दिसत नाही. जिना चढताना हृदयाची मागणी वाढते आणि तेव्हाच तुटवडा उघड होतो. असा श्रम देखरेखीखाली करवून घेणे, म्हणजे ही चाचणी.

चाचणीपूर्वी दोन-तीन तास जेवू नये. चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री वर्ज्य. पायांत बूट आणि अंगात सैल कपडे असावेत. भगिनींनी साडीऐवजी सलवार-कमीज घालावी. नाडी मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या घ्याव्यात की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

अंगावर १० चकत्या चिकटवतात आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधतात. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची पद्धत आपल्याकडेही रूढ आहे. तीत यंत्राचा पट्टा सुरुवातीला ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेगाने सरकतो आणि त्याला १० टक्के चढ असतो. पुढे दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतात. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी नेण्याचा सर्वसाधारण प्रयत्न असतो. म्हणजे ५० वर्षांच्या व्यक्तीची नाडी मिनिटाला सुमारे १४५. थांबल्यावरही काही मिनिटे नोंद चालूच राहते.

धाप लागणे, घाम येणे, पाय भरून येणे अपेक्षितच आहे. पण छातीत आवळल्यासारखे झाले, जबडा किंवा हात दुखू लागला, चक्कर आली, तर तत्क्षणी सांगा. तुमचे ते सांगणे हासुद्धा चाचणीचा निष्कर्ष आहे. दुखणे लपवणारा डॉक्टरांना नव्हे, स्वतःलाच फसवतो. गंभीर धोका साधारणपणे १० हजारांत एखाद्याला संभवतो. म्हणूनच तेथे डॉक्टर आणि तातडीची साधने असावी लागतात.

चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे सर्व संपले असे नाही. ती चुकूही शकते, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. म्हणून पुढील तपासण्या सांगितल्या जातात. तसेच 'निगेटिव्ह' आली म्हणजे विडी ओढायला परवाना मिळाला, असेही नव्हे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. बसल्याजागी छातीत दुखू लागले, तर 'गॅस झाला असेल' म्हणत चाचणीच्या तारखेची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि थेट रुग्णालय गाठा.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची नावे आजच कागदावर लिहून ठेवा आणि चाचणीच्या दिवशी त्यांच्यासोबत जा. आपल्या शिक्षणाचा घराला झालेला तो रोखठोक उपयोग ठरेल, असे आम्हाला वाटते.