‘बायकांना उलट्या होतातच’: का म्हणून?

(महिला आरोग्य मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन ठरलं की आपण विचारतो, टाके किती पडतील, दुखेल का, घरी कधी सोडतील. उलट्यांबद्दल कुणी विचारत नाही. ऑपरेशननंतर बाई ओकत पडली तर तिला सांगतात, “भुलीचं आहे, होतंच असं. जरा सोसायला शिका.” पाळीत सोसा, बाळंतपणात सोसा, आता हेही सोसा! मला आज एवढंच सांगायचं आहे, की यातलं बरंचसं औषधांनी टाळता येतं.

हा त्रास क्षुल्लक नाही. ताज्या टाक्यांवर ताण येतो. पाणी पोटात ठरत नाही. सिझर झालेल्या बाईला बाळ छातीशी धरवत नाही. भुलीची गुंगी पुरती उतरलेली नसताना उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली, तर जिवावर बेतू शकतं.

कुणाला उलट्या होण्याची शक्यता जास्त, हे आधी ओळखता येतं. १९९९ साली ॲपफेल या डॉक्टरांनी पूर्ण भूल दिलेल्या मोठ्या माणसांसाठी एक सोपा हिशेब मांडला. चार गोष्टी पाहायच्या: रुग्ण स्त्री आहे का? विडी-सिगारेट न ओढणारी आहे का? पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या किंवा एस.टी.त गाडी लागते का? ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी वेदनाशामकं द्यावी लागणार आहेत का? एकही गोष्ट लागू नसेल तर शंभरातल्या साधारण १० जणांना मळमळ-उलटीचा त्रास होतो. एक असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८०.

आता बघा. आपण बायका आणि आपल्यातल्या बहुतेकजणी विडी-सिगारेट ओढत नाहीत. म्हणजे टेबलावर चढण्याआधीच दोन गुण आपल्या खात्यात जमा! त्यातून दुर्बिणीची आणि गर्भाशयाची ऑपरेशनं ही उलट्यांचा धोका वाढवणारी. हा फरक वयात येण्याआधी मुलामुलींत दिसत नाही, नंतर दिसतो. तेव्हा ‘बायका नाजूक, बायका नाटकी’ म्हणणाऱ्यांना सांगा, की हा शरीराचा प्रश्न आहे, स्वभावाचा नाही.

मग उपाय काय? ऑन्डान्सेट्रॉनचं इंजेक्शन साधारण ऑपरेशन संपताना देतात. डेक्सामेथासोन भूल देताना सुरुवातीलाच देतात. दोन्ही जुनी, सहज मिळणारी आणि स्वस्त औषधं आहेत. २००४ साली पाच हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की असं प्रत्येक औषध धोका सुमारे पाव हिश्शाने कमी करतं आणि वेगवेगळ्या प्रकारची औषधं एकत्र दिली तर फायदा वाढत जातो. शंभरातल्या ४० जणींना त्रास होणार असेल, तर एका औषधाने तो साधारण ३० वर येतो, दोन औषधांनी २२ वर. ज्यांचा धोका मुळात दहाच, त्यांना मात्र तीन-तीन औषधं टोचण्यात अर्थ नाही.

औषधांचे तोटेही माहीत हवेत. ऑन्डान्सेट्रॉनने डोकं दुखतं, शौचाला खडा होतो. हृदयाच्या ठोक्यांचा विकार असेल तर आधी सांगायला हवं. डेक्सामेथासोनने साखर वाढते, म्हणून मधुमेह लपवू नका. मेटोक्लोप्रमाइडने तरुण मुलींची कधीकधी मान वाकडी होते, डोळे वर जातात. याला ‘हिस्टेरिया’ ठरवल्याची उदाहरणं आहेत. तो औषधाचा परिणाम असतो आणि इंजेक्शनने उतरतो.

आणखी एक. उलटीच्या भीतीने वेदनाशामक नाकारू नका. पॅरासिटामॉल आणि जखमेजवळ बधिर करणारं इंजेक्शन वापरलं, तर मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात. सिझरमध्ये कमरेत भूल दिल्यावर मळमळतं, ते पुष्कळदा रक्तदाब उतरल्यामुळे. तेव्हा गप्प राहू नका, लगेच सांगा. दाब वर आणला की बरं वाटतं.

मात्र प्रत्येक उलटी भुलीची नसते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरांनंतर १३ बायका दगावल्या. त्यांतल्या एका शिबिरात काही तासांत ८३ जणींची ऑपरेशनं उरकली होती. घरी गेलेल्या बायका उलट्या होतात म्हणून परत आल्या होत्या. म्हणून दुसऱ्या दिवशीही उलट्या थांबत नसतील, पोट फुगलं, ताप आला, लघवी कमी झाली किंवा चक्कर येऊ लागली, तर ‘होतंच असं’ म्हणून घरी बसू नका. दवाखाना गाठा आणि तपासल्याशिवाय परत येऊ नका.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला भेटायचा तुम्हाला हक्क आहे. त्यांना चार वाक्यं सांगा: “मला गाडी लागते. मागच्या वेळी उलट्या झाल्या होत्या. मी बाळाला पाजते. उलटी होऊ नये म्हणून काय देणार?” आणि पाचवं विचारा: “तरीही झाली तर दुसरं कुठलं औषध देणार?” कारण आधी दिलेलंच औषध लगेच पुन्हा देण्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं औषध द्यायला हवं. बाई गुंगीत असेल तेव्हा तिच्याजवळ बसणारीलाही हे प्रश्न पाठ हवेत. ती बोलू शकत नसेल, तेव्हा आपण बोलायचं.