ऑस्ट्रेलियातील नवे हिप-हॉप : आवाज कुणाचा, मालकी कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



२६ जानेवारी या तारखेला भारतात एक अर्थ आहे आणि ऑस्ट्रेलियात अगदी निराळा. १९५० साली या दिवशी भारताची राज्यघटना अमलात आली. ऑस्ट्रेलियात १७८८ साली याच दिवशी सिडनीच्या खाडीकाठी ब्रिटिशांचे निशाण रोवले गेले. तेथील शासन हा दिवस राष्ट्रीय सण म्हणून साजरा करते. तेथील अनेक आदिवासी त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. २०१६ साली ब्रिग्ज आणि ट्रायल्स या दोन आदिवासी कलावंतांच्या ‘ए. बी. ओरिजिनल’ या जोडीने हीच तारीख शीर्षकात घेऊन एक गाणे काढले आणि या सणाच्या नैतिक अधिष्ठानालाच हात घातला. ‘ट्रिपल जे’ या सार्वजनिक नभोवाणी केंद्राच्या श्रोत्यांनी वर्षातील शंभर आवडत्या गाण्यांत त्याला १६ वे स्थान दिले. ही यादी तोवर नेमकी २६ जानेवारीलाच प्रसारित होत असे. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने ती प्रथा सोडली आणि पुढची यादी २७ जानेवारी २०१८ रोजी प्रसारित झाली. हे एका गाण्याने घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यामागे अनेक वर्षांची निदर्शने उभी होती. परंतु रस्त्यावरचा प्रश्न घराघरात नेण्याचे काम त्या गाण्याने केले, हे नाकारता येणार नाही.

हिप-हॉपचा जन्म १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या दरिद्री वस्तीत, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी तरुणांमध्ये झाला. तालावर झरझर बोलत जाणारी, यमकांनी बांधलेली उक्ती म्हणजे रॅप. त्याला महागडी वाद्ये लागत नाहीत. सांगण्यासारखे काही असावे लागते. म्हणूनच जगभरच्या वंचितांना ते आपले वाटले. ऑस्ट्रेलियात ते पोहोचले तेव्हा तेथे जमीन आधीच नांगरलेली होती. २६ जानेवारी १९७२ रोजी आदिवासी तरुणांनी कॅनबेरात संसदेसमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनारी वापरायची छत्री रोवून आपली ‘वकिलात’ उघडली. आपल्याच देशात आपण परके ठरलो आहोत, हे सांगण्याची ती रीत होती. त्याच सुमारास ब्रिस्बेनमध्ये अमेरिकेतील ब्लॅक पँथरचा आदर्श घेऊन आदिवासी तरुणांची संघटना उभी राहिली. १९७२ सालीच मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. एकमेकांना न भेटलेल्या या दोन चळवळींचे प्रेरणास्थान एकच होते, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आरंभीच्या काळात मात्र या संगीताचा लोकप्रिय चेहरा मुख्यतः गोऱ्या तरुणांचा राहिला. ॲडलेडच्या ‘हिलटॉप हूड्स’ या गटाची ‘द हार्ड रोड’ ही गीतमालिका २००६ साली देशाच्या विक्रीयादीत पहिली आली. ऑस्ट्रेलियन हिप-हॉपला हा मान प्रथमच मिळत होता. खरे परिवर्तन त्यानंतरच्या दशकात झाले. २०१५ साली ब्रिग्ज यांनी आदिवासी कलावंतांसाठी ‘बॅड ॲपल्स’ ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. आर्नहेम लँडमधून आलेला बेकर बॉय हा तरुण इंग्रजीबरोबरच योल्ङू माथा या आपल्या भाषेत रॅप करतो. ब्रिटिश येण्यापूर्वी ज्या भूमीवर अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या आणि जेथे मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, तेथे काही हजार लोकांची भाषा राष्ट्रीय व्यासपीठावर गाजावी, ही सामान्य घटना नव्हे. त्याच्या ‘गेला’ या पहिल्या गीतमालिकेला २०२२ साली ध्वनिमुद्रण उद्योगाचा वर्षातील सर्वोत्कृष्ट गीतमालिकेचा पुरस्कार मिळाला.

पश्चिम सिडनीतील बार्का हिचे उदाहरण अधिक दाहक आहे. तिने धारण केलेले नाव डार्लिंग नदीचे मूळ नाव आहे. व्यसन आणि तुरुंगवास यांतून बाहेर येऊन तिने २०२१ साली ‘ब्लॅक मेट्रिआर्की’ ही गीतमालिका दिली आणि आदिवासी स्त्रीचे सामर्थ्य हाच तिचा विषय केला. ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे चार टक्के आहेत; तुरुंगांत मात्र त्यांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आहे. कोठडीतील ९९ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या राजनियुक्त आयोगाने १९९१ साली ३३९ शिफारशी केल्या. त्यानंतर कोठडीत मरण पावलेल्या आदिवासींची संख्या पाचशेच्या पुढे गेली आहे. ही पार्श्वभूमी माहीत असली म्हणजे या गाण्यांतील संताप हा पवित्रा नसून साक्ष आहे, हे उमगते.

दुसरा प्रवाह स्थलांतरितांचा आहे. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद करणारे धोरण व्हिटलम यांच्या मजूर सरकारने १९७३ साली पूर्णपणे मोडीत काढले. त्या उघडलेल्या दारातून आलेल्यांची मुले आज गात आहेत. घानात जन्मून कॅनबेरात वाढलेल्या जेनेसिस ओवुसू याला २०२१ आणि २०२३ अशा दोन वर्षी सर्वोत्कृष्ट गीतमालिकेचा पुरस्कार मिळाला. झांबियात जन्मलेल्या सॅम्पा द ग्रेट हिने २०१७ आणि २०१९ या वर्षांचा ‘ऑस्ट्रेलियन म्युझिक प्राइझ’ पटकावला.

सर्वांच्या वाट्याला असे स्वागत येत नाही. माउंट ड्रुइट या कष्टकऱ्यांच्या उपनगरातील, सामोआ बेटांशी नाते सांगणाऱ्या तरुणांच्या ‘वनफोर’ या गटाचा २०१९ चा देशव्यापी दौरा पोलिसांच्या दबावामुळे रद्द झाला. या गटातील काहींना मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, आणि ती लपविण्याचे कारण नाही. हिंसेचे उदात्तीकरण समाजवाद्यांना मान्य होणे शक्य नाही. परंतु सिद्ध झालेल्या गुन्ह्याला न्यायालयाने शिक्षा देणे वेगळे आणि अजून न गायिलेल्या गाण्याचा पोलिसांनी गळा दाबणे वेगळे. हा भेद जेथे पुसला जातो, तेथे उद्या सभेवरही बंदी येऊ शकते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळले पाहिजे. हा आवाज वंचितांचा आहे. पण तो ज्या साधनांतून बाहेर पडतो त्यांची मालकी कुणाकडे आहे? आज संगीत प्रामुख्याने स्ट्रीमिंगवर ऐकले जाते. तेथे वर्गणीचा पैसा बहुतांशी एका सामायिक गंगाजळीत जमा होतो आणि एकूण श्रवणांतील हिश्श्याप्रमाणे वाटला जातो. श्रोत्याने महिनाभर केवळ बार्का ऐकली, तरी त्याच्या वर्गणीचा मोठा भाग जगातील बड्या ताऱ्यांकडेच जातो. २०२४ पासून स्पॉटिफाय कंपनीने आणखी एक नियम केला : ज्या गाण्याला मागील बारा महिन्यांत एक हजार श्रवणे नाहीत, त्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच नाही. उमेदवारी करणाऱ्याची चिल्लर गोळा करून ती प्रस्थापितांत वाटायची, असा हा न्याय आहे.

नभोवाणीची कथाही फारशी वेगळी नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या कॉपीराइट कायद्याने खाजगी केंद्रांनी ध्वनिमुद्रणांसाठी द्यावयाच्या मोबदल्यावर ढोबळ उत्पन्नाच्या एक टक्क्याची कमाल मर्यादा घातली. सरकारी केंद्रासाठी ती दरडोई अर्धा सेंट ठरली. मुक्त बाजाराचा जयघोष करणाऱ्या देशात कलावंताच्या श्रमाच्या किमतीवर मात्र कायद्याचे झाकण! ते काढण्यासाठी अपक्ष सिनेटर डेव्हिड पोकॉक यांनी २०२३ साली विधेयक आणले.

याउलट, नव्यांना दार उघडण्याचे काम बव्हंशी सार्वजनिक संस्थेने केले. ‘ट्रिपल जे’चा पूर्वावतार व्हिटलम सरकारच्या काळात, १९७५ साली, सिडनीत सुरू झाला. कोणत्याही कंपनीशी करार नसलेल्या कलावंतांना संधी देणारा तिचा ‘अनअर्थ्ड’ हा उपक्रम १९९५ पासूनचा. नफ्याचा हिशेब बाजूला ठेवणारी संस्था असली, तरच अनोळखी आवाज ऐकू येतो.

शेवटी एका कटू सत्याची नोंद घेणे अवश्य आहे. आदिवासींना संसदेपुढे आपले म्हणणे मांडणारी संस्था घटनेने द्यावी काय, या प्रश्नावर १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झाले. सुमारे साठ टक्के मतदारांनी नकार दिला. सहापैकी एकाही राज्यात होकार मिळाला नाही. बेकर बॉयला पुरस्कार मिळून तेव्हा वर्षही उलटले नव्हते. ज्यांनी त्याच्या तालावर ठेका धरला, त्यांतील काहींनी मतपेटीत त्याच्या समाजाला नकार दिला असणारच. टाळी म्हणजे मत नव्हे, आणि लोकप्रियता म्हणजे समता नव्हे.

गाणे माणसाला जागे करते. जागे झालेल्यांना एकत्र आणण्याचे काम संघटनेचे आहे. कलावंतांच्या स्वतःच्या संस्था, सबळ सार्वजनिक नभोवाणी आणि श्रमाचे मोल राखणारा कायदा या तिन्ही गोष्टी संघटित मागणीवाचून कोठेही मिळालेल्या नाहीत. त्या मिळेपर्यंत आवाज पीडितांचा आणि मिळकत मालकांची, ही विषम वाटणी चालूच राहील. ती मोडणे हे गायकाचे एकट्याचे काम नाही; ते ऐकणाऱ्यांचेही आहे.