संवादाची मालकी कोणाची?

(मालगुंड येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



निरोपासाठी माणसे व्हॉट्सॲपच का निवडतात, असे विचारले की ‘सवय’ असे उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे. मालगुंडचा चाकरमानी मुंबईत बसून गणपतीची वर्गणी, आंब्याच्या पेट्या आणि आईचे औषधपाणी यांची चौकशी जेथे करतो, ते ठिकाण त्याने गुणदोष तोलून निवडलेले नसते. सारा गाव तेथे आहे, म्हणून त्याला तेथे जावे लागते. निवड व्यक्तीची भासते. प्रत्यक्षात ती परिस्थितीची सक्ती असते.

भांडवलदारांनी हे फार आधी ओळखले. २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेण्यासाठी सुमारे १९ अब्ज डॉलर्सचा सौदा जाहीर केला. ती किंमत केवळ यंत्रणेची नव्हती. कोट्यवधी माणसांच्या परस्परसंबंधांची होती.

जानेवारी २०२१ मध्ये या कंपनीने गोपनीयतेचे नवे धोरण पुढे केले : मान्य करा, अन्यथा सेवा सोडा. असंख्य लोकांनी सिग्नल आणि टेलिग्राम जवळ केले. तरीही व्हॉट्सॲपचे वर्चस्व ढळले नाही. एकट्याने घर बदलता येते, गाव बदलता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच धोरणाबद्दल मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले.

२०२५ साली झोहो या भारतीय कंपनीच्या ‘अरट्टई’चा केंद्रीय मंत्र्यांनी पुरस्कार केला. स्वदेशीशी आपले वैर नाही. परंतु परदेशी मालकाच्या जागी देशी मालक आल्याने प्रजेचे नागरिक होत नाहीत.

मग उपाय कोणता? पोस्टकार्ड टाकताना, ते घेणाऱ्याने कोणत्या दुकानातून कार्डे घेतली, हे आपण कधी विचारले नाही. आजही एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोलता येते, आणि २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. हे औदार्य नव्हे. नियमनाचे फळ आहे. युरोपीय संघाने आपल्या डिजिटल बाजारपेठ कायद्यान्वये व्हॉट्सॲपवर इतर ॲपसाठी दार उघडण्याचे बंधन घातले आहे. तसाच कायदा येथे हवा. मात्र दार उघडताना संदेशांची गुप्तता अबाधित राहिली पाहिजे, कंपनीपासून आणि सरकारपासूनही.

आपल्या शाखांचे निरोपही व्हॉट्सॲपवरूनच जातात. म्हणून बहिष्काराची घोषणा पोकळ ठरेल. मागणी कायद्याची करू या. आणि ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही, त्याच्यासाठी ग्रामपंचायतीचा फलक व घरोघरची भेट चालू ठेवू या. रूढीला जाब विचारणाऱ्या केशवसुतांच्या या जन्मगावी एवढा निश्चय झाला, तरी आजची बैठक सार्थकी लागली असे मी मानीन.