जुनी पर्स: पारख, डागडुजी आणि जपणूक

(मंडळाच्या गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीसमोरच्या मंडपात चामड्यावर बोलायचं, हे ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण आम्हा दोघी जावांचं कामच ते आहे. कारापुरात आमच्या पडवीत आम्ही जुन्या चामडी पर्स आणि बॅगा विकत घेतो, नीट करतो आणि पुन्हा विकतो. लोकांनी आणलेल्या बॅगाही दुरुस्त करून देतो. चवथीचे दिवस म्हणजे आमचा हंगाम. मुंबई-पुण्याची माणसं घरी येतात, कपाटं उघडतात, आणि पावसाळाभर आत कोंडलेली पर्स हिरवे-पांढरे ठिपके घेऊन बाहेर येते. मग प्रश्न एकच असतो: ही वाचेल का? आज त्याचंच उत्तर जमेल तेवढं सांगतो.

डिचोली तालुक्यातल्या माणसांना २०१८ चा मार्च महिना वेगळा सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी बंद झाल्या आणि घरोघरचे ट्रक अंगणात उभे राहिले. आमच्याकडेही राहिला. घरात शिलाई मशीन होतं, हाताला शिवणाची सवय होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या एका चर्मकार मामांकडे आम्ही काम शिकायला गेलो. आरी कशी धरायची, रापीनं चामड्याची कड कशी तासायची, दोऱ्याला मेण का लावायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं.

तेव्हा नात्यातून विचारणा झाली, ‘हे आपलं काम का?’ आडून विचारलेल्या या प्रश्नाचा अर्थ आपण सगळे जाणतो. आम्ही उत्तर दिलं ते असं. चवथीला आपल्या घरात घुमट आरती होते. घुमटाच्या मडक्यावर ताणलेलं असतं ते कातडंच. पूर्वी घोरपडीचं असायचं. घोरपड वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. पखवाज, तबला, ढोलकी, सगळ्यांवर कातडंच. देवासमोर कातडं वाजतं तेव्हा विटाळ होत नाही, मग ते कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांना आपण इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर का ठेवलं? या प्रश्नावर घरातला विषय संपला. मामा आता आमच्याकडे चवथीला येतात आणि सगळ्यांच्या पंक्तीला जेवतात.

आता मुद्द्याकडे येऊ. जुनी पर्स घ्यावी की नाही, हे ठरवताना आम्ही पहिल्यांदा पाहतो ती कड. पट्ट्याचं टोक, खिशाची आतली बाजू, जिथे कापलेली धार उघडी असेल तिथे बघा. खऱ्या चामड्याच्या धारेत एकमेकांत गुंतलेले तंतू दिसतात. नकली चामड्यात वर प्लास्टिकचा पातळ थर आणि खाली विणलेलं कापड दिसतं. मग अंगठ्यानं दाबा. खऱ्या चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पडतात आणि निघूनही जातात. तिसरी गोष्ट छिद्रांची: खऱ्या कातड्यावरची छिद्रं सारखी नसतात, नकलीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते. मात्र खऱ्या चामड्यावरही साच्यानं नक्षी उठवतात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. दोन-तीन खुणा जुळल्या तरच पाकीट उघडावं.

बाजारात विक्रेते दोन खेळ करून दाखवतात. एक लायटरचा. बॅगेला ज्योत लावतात आणि म्हणतात, ‘बघा, जळत नाही.’ क्षणभर ज्योत लागली तर बरंच नकली चामडंही पेट घेत नाही, आणि रंगाचा जाड थर दिलेलं खरं चामडंही वरून वितळल्यासारखं दिसतं. या परीक्षेत माल तेवढा खराब होतो. दुसरा खेळ पाण्याच्या थेंबाचा. थेंब शोषला गेला तर चामडं उघडं आहे एवढंच कळतं. वर संरक्षक थर असेल तर अस्सल चामड्यावरूनही थेंब ओघळून जातो.

‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्याचाही अनेकांना मोह पडतो. त्याचा अर्थ एवढाच की वस्तूत चामडं आहे. कातड्याचा वरचा, दाण्याचा थर सगळ्यात मजबूत असतो. खालचा थर वेगळा काढून त्यावर प्लास्टिकचा लेप दिला तरी शिक्का तोच लागतो. चामड्याचा चुरा गोंदानं थापून केलेले पत्रेही मिळतात, ते काही वर्षांत कागदासारखे फाटतात. तेव्हा शिक्का वाचण्याआधी कड वाचा.

आता वाचणारी आणि न वाचणारी बॅग कशी ओळखायची? बॅगेचा पृष्ठभाग सालीसारखा सुटत असेल, बोटाला चिकटत असेल, तर ते पीयूचं नकली चामडं आहे. दमट हवेतली वाफ त्या प्लास्टिकच्या थराची रचनाच मोडते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे आपल्याकडे हे लवकर होतं. त्याला औषध नाही. वर रंग लावला तर रंगासकट साल निघते. असं काम आम्ही घेत नाही. परवाच एक सूनबाई माहेरून मिळालेली बॅग घेऊन आल्या. महागाची होती, त्यांचा जीव होता त्यात. पैसे घेऊन महिनाभर टिकणारा रंग लावून देता आला असता. आम्ही कड दाखवली, आतलं कापड दाखवलं आणि सांगितलं, ‘वहिनी, यावर एक रुपयाही घालू नका. कड्या आणि चेन काढून देतो, त्या दुसऱ्या बॅगेला लागतील.’ त्यांना वाईट वाटलं. पण या धंद्यात ‘नाही’ म्हणता आलं नाही, तर पुढे आपल्या ‘हो’वर कोण विश्वास ठेवणार?

खऱ्या चामड्यातही एक दुखणं असाध्य असतं. वनस्पतींच्या सालीनं कमावलेलं फार जुनं चामडं कधी कधी आतून कुजतं आणि बोट फिरवलं की तांबूस भुकटी हाताला लागते. ते शोभेला ठेवावं, वापरायला नको. पट्टा जिथे बॅगेला जोडतो तिथे वाकवून पाहा. नुसत्या केसासारख्या रेषा उमटल्या तर चामडं तहानलेलं आहे, ते सुधारतं. भेग खोल गेली असेल आणि आत तंतू तुटलेले दिसत असतील, तर तेवढा भाग बदलावा लागतो. हाताच्या घामानं काळी पडलेली मूठ बरीचशी साफ होते, पण पहिल्यासारखी होत नाही, हे आधीच सांगून टाकावं.

कड्या-बकलांसाठी काहीजण लोहचुंबक घेऊन येतात. चुंबक चिकटलं तर खाली लोखंड आहे, ते गंजणार, हे खरं. चिकटलं नाही म्हणून पितळच, असं मात्र नाही. जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूलाही चुंबक लागत नाही. चेनचं पाहायचं तर दाते मोजा. सगळे दाते शाबूत असून चेन उघडत असेल, तर दोष सरकत्या खटक्याचा असतो. तो पकडीनं हलकेच दाबला किंवा बदलला की झालं. दाता तुटला असेल तर अख्खी चेन बदलावी लागते. आतलं अस्तर चिकट झालं असेल तर घाबरू नका. अस्तर बदलता येतं, आणि त्याला जुन्या सुती साडीइतकं चांगलं कापड नाही.

आमचा हिशोब साधा आहे. खरेदीची किंमत, चेन, अस्तर, शिवण आणि रंग मिळून जो आकडा होईल, तो तशाच चामड्याच्या नव्या बॅगेच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. समजा बॅग ५०० रुपयांना मिळाली आणि दुरुस्तीला ७०० लागले, तर तशी नवी किमान २४०० ची असायला हवी. नसेल तर नवीच घ्या. हणजुण्याचा बुधवारचा बाजार, म्हापशाचा शुक्रवार, पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, कुठेही गेलात तरी हाच नियम. आणि नाव मोठं असेल तर जास्त सावध व्हा. नावाचा शिक्का मारायला चार पैसे लागतात. आतली शिवण सरळ आहे का, टाके एकसारखे आहेत का, खिशाच्या कोपऱ्यात दोरा दुहेरी फिरवला आहे का, हे बघा. नकलेत चोरी केली जाते ती न दिसणाऱ्या जागी.

आता घरी करण्यासारखं. बुरशी आलेली बॅग घरात झटकू नका. तोंडाला रुमाल बांधून अंगणात न्या आणि मऊ ब्रशनं झाडा. मग सर्जिकल स्पिरीट आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन कापड जेमतेम ओलं करा आणि पुसा. त्याआधी तळाला किंवा आतल्या कडेला लावून पाहा, कारण स्पिरीटनं काही रंग सुटतात. नंतर सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस ठेवा. आत कोरा कागद भरा म्हणजे आकार राहतो. वर्तमानपत्र भरलं तर शाई अस्तराला लागते. कडक उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्रासमोर ठेवू नका. ओलं चामडं कोरड्यापेक्षा कमी उष्णतेला आकसतं, आणि आकसलेलं पुन्हा पसरत नाही.

कपडे धुण्याचा साबण आणि सोडा दूर ठेवा. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं, क्षारानं त्याचा कस जातो. आणि आपल्या घरात हाताशी असलेलं खोबरेल? दोन दिवस चमक येते, मग डाग काळा पडतो, तेल खवट होतं आणि पुढच्या पावसात बुरशीला आयतं जेवण मिळतं. चामड्यासाठीचं क्रीम किंवा मेण मिळतं, ते बोटभर घ्या, पातळ पसरा, रात्रभर मुरू द्या. पितळी बकलाला पितांबरी लावायची तर आधी भोवतीच्या चामड्यावर चिकटपट्टी लावा.

उसवलेली शिवण शिवताना जुन्याच भोकांतून सुई घाला. शेजारी नवी भोकं पाडली तर पोस्टाच्या तिकिटासारखी रेघ तयार होते आणि चामडं तिथेच फाटतं. मामा दोन सुयांनी शिवतात, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीत एक टाका गेला की शेजारचे सैल व्हायला लागतात. हातशिवणीचे पैसे जास्त का, याचं उत्तर यात आहे.

जपणूक म्हणाल तर बॅग प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका. जुनी उशीची खोळ उत्तम. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कपाटाचं दार उघडं टाकून तासभर पंखा लावा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बॅग वापरणं. हातातल्या बॅगेला बुरशी सहसा येत नाही.

शेवटी या कलेच्या माणसांविषयी. कोल्हापुरात बाभळीची साल आणि आपल्या सह्याद्रीतला हिरडा वापरून चामडं कमावण्याची जुनी परंपरा आहे. त्यातून होणाऱ्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन जाहीर झालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी ४ जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीनं तशाच चपला मिरवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर घेतलं. महाराष्ट्रात संत रोहिदासांच्या नावानं चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून आहे. पण मानांकन आणि महामंडळ आपल्या जागी. बाजारात छत्री टेकवून बसलेल्या माणसाकडे आपण काम नेलं नाही, तर त्याचा मुलगा आरी हातात का धरेल? आमच्या मामांचा मुलगा आज डिलिव्हरीची गाडी चालवतो. त्यांच्या हातातलं सगळं आमच्या दोघींच्या हातात यायला वेळ लागणार आहे, आणि मामांचं वय थांबत नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. घरी गेल्यावर कपाट उघडा, आईची, आत्याची, सासूबाईंची पर्स बाहेर काढा, कड बघा. वाचण्यासारखी असेल तर नवी घेण्याआधी जवळच्या चर्मकाराकडे न्या. आमच्याकडेच आणा असं नाही, तुमच्या बाजारात जो कुणी बसत असेल त्याच्याकडे न्या. त्यानं सांगितलेल्या मजुरीत घासाघीस करू नका, आणि त्याला ‘अरे’ ऐवजी ‘अहो’ म्हणा.

 गणपती बाप्पा मोरया!