टायर, फ्यूज आणि गंज : पावसाळ्याआधी गाडीला एक सकाळ द्या

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

पावसाळा तोंडावर आलाय. कुणी ताम्हिणीला जायचं ठरवत असेल, कुणी गणपतीला गाडी घेऊन गावी जायचं बघत असेल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची ही पहिलीच गाडी असणार. नवी असेल, सेकंडहँड असेल, नाहीतर बाबांनी "आता तूच चालव" म्हणून हातात चावी दिलेली घरची जुनी गाडी असेल.

आपल्यातल्या बहुतेकांचा समज असा की गाडीची काळजी घ्यायची म्हणजे सर्व्हिसिंगला टाकायची. पण बघा, सर्व्हिस सेंटरवाला तुमची गाडी वर्षातून एकदा, फार तर दोनदा बघतो. बाकीचे दिवस ती तुमच्या समोर उभी असते. टायरमधली हवा तुमच्यासाठी सहा महिने थांबत नाही. गंजही थांबत नाही. आणि घाटात, भर पावसात वायपर बंद पडला तर तिथं सर्व्हिस सेंटर नसतं. गाडीत मागे आजी बसलेली असते.

म्हणून आज तीनच गोष्टी. टायर, फ्यूज आणि गंज. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः, इमारतीखाली उभं राहून करू शकता.

टायर : चार तळहातांएवढी जागा

एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तुमच्या तळहाताएवढा असतो. म्हणजे हजार-बाराशे किलोची गाडी, आत पाच माणसं, डिकीत सामान, हे सगळं चार तळहातांवर उभं असतं. ब्रेक कितीही भारी असू देत, गाडी शेवटी थांबवायची ती या चार तळहातांनीच.

पहिली गोष्ट हवा. पंपावर गेलो की तो मुलगा विचारतो, "किती टाकू?" आणि आपण ठोकून देतो, "तीस-पस्तीस टाक." असं करू नका. तुमच्या गाडीचा आकडा गाडीवरच लिहिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर बऱ्याचदा दोन आकडे दिसतील, एक कमी माणसांसाठी आणि एक फुल लोडसाठी. गणपतीला पाच माणसं आणि सामान घेऊन निघालात तर दुसरा आकडा बघायचा. आणि टायरच्या कडेवर छापलेला 'मॅक्स प्रेशर'चा आकडा म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा. तेवढी हवा भरायची नसते.

हवा थंड टायरमध्ये तपासायची, म्हणजे सकाळी, जवळच्या पंपावर. तापमान साधारण ५-६ अंशांनी वाढलं की दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो. एक्स्प्रेसवेवर तासभर पळवून मग हवा मोजलीत तर आकडा जास्तच दिसणार. तो बघून हवा सोडलीत, तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडणार. पंपावर हवा फुकट मिळते, त्यामुळे महिन्यातून एकदा जायला काहीच हरकत नाही.

हवा कमी असली की काय होतं? टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. वाकून वाकून तापते. वेग जास्त, ऊन कडक, गाडी भरलेली, आणि टायर आतून तापत चाललेला. मग लोक म्हणतात टायर 'अचानक' फुटला. बऱ्याचदा त्याची तयारी कित्येक किलोमीटर आधीच सुरू झालेली असते.

नायट्रोजनचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. भरायचा तर भरा, तोटा नाही. पण नायट्रोजन भरला म्हणून हवा तपासायचीच नाही, असं करू नका.

दुसरी गोष्ट खाचा. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतून बाहेर फेकलं जातं. टायरचा गोटा झाला की पाण्याला वाट मिळत नाही, गाडी पाण्याच्या थरावर तरंगते, आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. त्या क्षणी जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटक्यात फिरवायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच काढायचा आणि गाडी सरळ ठेवायची.

खाच किती उरलीय ते कसं बघायचं? खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराची छोटी आडवी पट्टी असते. ती १.६ मिलिमीटर उंच असते. टायरची झीज तिच्या पातळीला आली की टायर संपला. पण पावसासाठी त्याच्या आधीच बदललेला बरा.

झीज कशी झालीय तेही बघा, टायर बरंच काही सांगतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला, म्हणजे हवा कमी ठेवली जाते. फक्त मध्ये झिजलाय, म्हणजे हवा जास्त. एकाच बाजूने झिजलाय, तर बहुधा अलाइनमेंट गेलंय. आणि खड्ड्यात गाडी आपटल्यावर टायरच्या कडेला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेत. त्याला दुरुस्ती नाही. "चालतंय तोवर चालवू" म्हणू नका, बदला.

तिसरी गोष्ट वय. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. रबर म्हातारं होतं, गाडी उभी असली तरी. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षांनंतर खाचा कितीही छान दिसल्या तरी नकोच. सेकंडहँड गाडी घेताना हे आकडे नक्की वाचा. किलोमीटर कमी आणि टायर चकचकीत, पण वय नऊ वर्षं, असंही असतं.

आणि दोनच नवे टायर टाकायचे असतील तर ते मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. ऐकायला उलटं वाटतं, कारण पुढचे टायर जास्त झिजतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी वळणावर सरळ जायला बघते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते. ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याचं काम नाही.

शेवटचं, स्टेपनी. तिच्यातही हवा लागते! काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, नुसतं पंक्चर किट असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते आजच डिकी उघडून बघा. जॅक आणि पाना आहे का तेही बघा. आणि इमारतीखाली एकदा चाक काढून परत लावून बघा. पहिला प्रयोग रात्री हायवेच्या कडेला नको.

फ्यूज : जळणं हेच त्याचं काम

गावी आजीच्या घरी मीटरच्या फळीवर चिनीमातीचा पांढरा फ्यूज आठवतोय? त्यात बारीक तार लावायची. तार जळली की घर अंधारात, पण घर शाबूत. गाडीतला फ्यूज तेच काम करतो. प्लॅस्टिकचा छोटा तुकडा, दोन पाय, मध्ये धातूची पट्टी. वायरमधून गरजेपेक्षा जास्त करंट गेला की पट्टी वितळते आणि वायर वाचते.

बऱ्याच गाड्यांत दोन फ्यूज बॉक्स असतात. एक डॅशबोर्डच्या खाली आणि एक बॉनेटमध्ये. कुठला फ्यूज कशाचा, हे झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. त्या पानाचा आत्ताच फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

रंगांचीही भाषा असते. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३०. आकडा वर छापलेलाही असतो.

समजा चार्जिंगचं सॉकेट बंद पडलं. इग्निशन बंद करा, चावी काढा. फ्यूज शोधा, बॉक्समध्ये छोटा चिमटा असतो त्याने ओढा. उजेडात धरा. पट्टी तुटलेली दिसली की त्याच अँपिअरचा नवा लावा. चाललं तर छान. लगेच परत उडाला तर थांबा. कुठेतरी वायर घासलीय, पाणी शिरलंय किंवा उंदराने कुरतडलंय. आता गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे.

काय करायचं नाही ते नीट ऐका. उडालेल्या १० च्या जागी ३० चा लावायचा नाही. तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावायची तर अजिबातच नाही. फ्यूज जळायचा थांबला, तर मग वायर जळते. आणि ती वायर डॅशबोर्डच्या आत, गालिच्याच्या खाली असते.

एक साधा हिशोब करू. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॅट. भागिले १२, साधारण ९ अँपिअर. आता कुणीतरी सांगितलं, "भाऊ, ९० वॅटचे टाक, उजेड बघ." १८० भागिले १२, झाले १५ अँपिअर. वायर तीच, स्विच तोच, कनेक्टर तोच. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज लावला जातो, आणि मग होल्डर वितळतो. डॅशकॅम, ॲम्प्लिफायर, जास्तीचे लाइट, काहीही बसवताना कंपनीची वायर मध्येच सोलून जोड देऊ नका. वेगळी वायर, वेगळा फ्यूज आणि गरज असेल तिथे रिले, एवढं इलेक्ट्रिशियनला ठणकावून सांगा.

आता घाटातला वायपर. फ्यूज उडालाय आणि जवळ जास्तीचा नाही. बॉक्समध्ये बघा. म्युझिक सिस्टीम किंवा चार्जिंग सॉकेटचा फ्यूज त्याच अँपिअरचा असेल तर तो काढून वायपरला लावा. गाणी थांबतील, काच दिसेल. आकडा तंतोतंत तोच हवा, एवढीच अट. पण खरं तर प्रत्येक अँपिअरचे दोन-दोन फ्यूज डबीत घालून ठेवा. अगदी किरकोळ खर्च आहे.

आणि उंदीर. पावसाळ्यात त्यांना कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि बॉनेटच्या आत दोन्ही मिळतं. लोक तंबाखूची पुडी ठेवतात. हमखास उपाय म्हणून तिच्यावर विसंबू नका. गाडीत वेफर्सचे तुकडे सांडू देऊ नका, गाडी दिवसेंदिवस हलवल्याशिवाय ठेवू नका, आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

गंज : जो आधी दिसत नाही

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. त्यात मीठ आलं की काम फार वेगाने होतं. म्हणून मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवणच्या गाड्या पुण्या-नागपुरातल्या गाड्यांपेक्षा लवकर गंजतात. आणि समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी घालून रील काढणाऱ्यांना हात जोडून विनंती. किनारा गाडीसाठी नाहीच, आणि खारं पाणी तुमच्या गाडीखालच्या प्रत्येक सांध्यात जाऊन बसतं.

गंज सुरू होतो तो न दिसणाऱ्या जागी. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या वरच्या कमानीच्या आतली बाजू, डिकीतल्या गालिच्याखाली स्टेपनीची जागा, बॅटरीचा ट्रे. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. आत गेलेलं पाणी तिथून निघतं. चिखलाने ती बुजली की दार आतून कुजतं. एखादी काडी घेऊन ती मोकळी करा. काचेखाली वायपरपाशी साचलेली पानं काढा. पायाखालचे मॅट उचलून बघा, ओल असेल तर वाळवा.

कोकणातून परत आलात की गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. नुसती वरून चमकवू नका. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका, ओल आत कोंडून राहते. दगड लागून रंगाचा टवका उडाला असेल तर लहान असतानाच घासून, प्राइमर आणि टच-अप लावून घ्या.

अंडरकोटिंग करावं का? पत्रा स्वच्छ असेल तर जरूर. पण गंजावरूनच काळा थर मारला, तर गंज आत वाढत राहतो आणि तुम्हाला दिसतही नाही. आधी गंज काढायचा, मग थर. आणि पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी केशरी थर दिसला तर घाबरू नका. दोन-चार वेळा ब्रेक लावले की जातो.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर कोमट पाणी आणि खायचा सोडा. काढताना आधी उणे, लावताना उणे शेवटी. आधी अधिक सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर थेट ठिणगी.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. एका जागी पकड एकदम सैल झाली, तर रंगाखाली लांबी भरलेली असू शकते. गाडी पुरात बुडालेली असावी असा संशय असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, गालिच्याखाली गाळ आहे का, तेही बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यानंतरही आपल्या शहरांत दरवर्षी कुठे ना कुठे गाड्या पाण्यात उभ्या राहतात, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात येतात.

तुमचीच गाडी पाण्यात अडकून बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर आतले भाग वाकतात, आणि साध्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही. ढकला, टो करा, पण चावी फिरवू नका.

मग करायचं काय?

महिन्यातून एकदा, सकाळी, वीस मिनिटं. हवा, स्टेपनीसकट. खाचांवर एक नजर. बॉनेट उघडून ऑइल, कूलंट, वायपरचं पाणी आणि उंदराच्या खुणा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही. दर दहा हजार किलोमीटरच्या आसपास टायरची अदलाबदल आणि अलाइनमेंट. पावसाळ्याआधी वायपरचं रबर आणि फ्यूजची डबी, पावसाळ्यानंतर खालून धुणं आणि गंजाचा शोध.

आज हा भाग संपला की एकच काम करा. खाली जा आणि पाचही टायरवरचे ते चार आकडे वाचा. हो, पाचही, स्टेपनी धरून. आणि कुठला टायर कुठल्या सालचा निघाला ते आम्हाला जरूर कळवा.

पुढच्या भागात इंजिन ऑइलबद्दल बोलू. तोवर गाडी सावकाश चालवा, घाटात हॉर्न द्या, आणि मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट लावायला सांगा. भेटूया!