क्षारांचे हमाल



गांधीबागेच्या कापडबाजारात गाठ आपल्या पायांनी चालत नाही. तिला हमाल लागतो. आज आम्ही ज्या हमालांची ओळख करून देणार आहोत ते मातीतील जंतू तयार करतात, आणि त्यांचे ओझे म्हणजे क्षारांचे विद्युत्भारित कण. शास्त्रात त्यांना आयन म्हणतात.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक स्निग्ध पडदा असतो. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसपट किंवा त्याहूनही अधिक असते. हा फरक टिकतो म्हणूनच नसा संदेश नेतात व हृदय ठोके देते. आयनाभोवती पाण्याचे वेष्टन असते. ते घेऊन त्याला तेलात शिरता येत नाही. म्हणून हा पडदा म्हणजे भक्कम तटच.

१९५५ साली जर्मनीत ब्रोकमान व श्मिट-कास्टनर यांनी व्हॅलिनोमायसिन हे प्रतिजैविक वेगळे केले. त्याचा रेणू म्हणजे बारा दुव्यांचा बंद हार. आत सहा ऑक्सिजन, बाहेर स्निग्ध अंगरखा! पोटॅशियम आपले पाण्याचे वेष्टन टाकते व त्या सहा ऑक्सिजनांच्या मध्ये नेमके बसते. सोडियम लहान, ते तेथे सैल पडते आणि पाणी सोडण्याची किंमत भरून निघत नाही. म्हणून हा हमाल सोडियमपेक्षा पोटॅशियमला सुमारे दहा हजारपट पसंती देतो. ओझे पलीकडे टाकून तो रिकामा परततो. शत्रुजंतूचा तट असा फुटतो. परंतु आपल्या पेशींचाही फुटतो. म्हणूनच ते पोटात घेण्याचे औषध झाले नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन झाली. तेथे डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन शोधले. ज्या जंतूपासून ते मिळाले त्याच्या नावातही पिंपरी आहे : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हे मात्र ओझे वाहत नाही. बुरशीच्या पडद्यातील एर्गोस्टेरॉल धरून ते पडदा कमकुवत करते आणि पोटॅशियम पाझरून जाते. आपल्या पडद्यात एर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल असते. एवढ्याशा फरकावर औषध आणि विष यांची सीमा उभी आहे.

मग व्हॅलिनोमायसिन वाया गेले काय? मुळीच नाही. १९६० नंतरच्या दशकात झुरिच येथे विल्हेल्म झीमोन यांच्या प्रयोगशाळेत त्याचा विद्युदग्रासाठी उपयोग झाला. व्हॅलिनोमायसिन मुरवलेल्या पातळ पडद्याला रक्ताचा स्पर्श झाला की पोटॅशियमच्या प्रमाणानुसार विद्युत्दाब निर्माण होतो, आणि यंत्र तो आकड्यात सांगते. निरोगी माणसात हा आकडा लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असतो. तो फार चढला किंवा घसरला तर हृदयाचा ताल बिघडतो.

वैशाखातील आपल्या नागपुरात उन्हाने कोसळलेल्या माणसाच्या रक्ताचा असा अहवाल डॉक्टर मागवितात, तेव्हा बहुधा त्या यंत्रात हाच हमाल उभा असतो. पेशीत शिरला तर घातकी. काचेच्या नळीपाशी ठेवला तर पहारेकरी. त्याचे गुण बदलले नाहीत, जागा बदलली. संशोधकांनी ही जागा शोधली म्हणून एका विषाचे रोग्याच्या उशाशी काम लागले.