कळफलकावरची ये-जा : बाणाच्या कळा की शॉर्टकट?



यांत्रिक टंकलेखन यंत्रावर काम केलेल्या पिढीला मागे फिरणे ठाऊकच नव्हते, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती ठरू नये. कागद रुळावर चढला, की मजकूर पुढेच सरकत असे. चूक झालीच तर खोडरबर, पांढरी शाई, स्टेन्सिल असेल तर दुरुस्तीचे द्रावण. आणि चूक मोठी असेल तर नवा कागद. टंकलेखकाचे सारे शिक्षण त्यामुळे एकाच दिशेचे होते : बोटे मधल्या ओळीवर, नजर मूळ प्रतीवर आणि लक्ष वेगावर. लिपिक-टंकलेखकासाठी मराठीची अट मिनिटाला ३० शब्दांची व इंग्रजीची ४० शब्दांची आहे. तयार मजकुरात मागेपुढे किती सफाईने फिरता येते, याची परीक्षा ती अट घेत नाही. वस्तुतः कार्यालयातील संगणकावर नव्याने लिहिण्यापेक्षा जुन्या मसुद्यात फेरफार करण्याचेच काम अधिक असते. गतवर्षीचे पत्र उघडावयाचे, दिनांक बदलावयाचा, दोन नावे घालावयाची, एक परिच्छेद वगळावयाचा. हे सारे काम कर्सर नेमक्या जागी नेण्याचे आहे, आणि तेथेच बहुतेकांचा वेळ जातो.

बाणाच्या चार कळा आज कळफलकाच्या उजव्या अंगास उलट्या ‘टी’च्या आकारात मांडलेल्या दिसतात. त्या तेथे पहिल्यापासून होत्या, असे मात्र नाही. अमेरिकेतील लिअर सीग्लर कंपनीच्या १९७६ च्या एडीएम-३ए या टर्मिनलवर बाण ‘एच’, ‘जे’, ‘के’, ‘एल’ या अक्षरांच्याच कळांवर छापलेले होते. त्याच यंत्रावर काम करणाऱ्या बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ या संपादकात ही चार अक्षरे कर्सर हलविण्यासाठी योजली, आणि कित्येक संगणकतज्ज्ञ आजही ती वापरतात. १९७८ च्या वर्डस्टारने वेगळी वाट धरली. कंट्रोलची कळ दाबून ‘ई’ने वर, ‘एक्स’ने खाली, ‘एस’ने डावीकडे, ‘डी’ने उजवीकडे, आणि त्यांच्या बाहेरच्या ‘ए’ व ‘एफ’ने एकेक शब्द मागे वा पुढे. हात मधल्या ओळीवरून उचलावा लागत नसे. आपल्याकडेही अनेकांनी संगणकावरील पहिली अक्षरे वर्डस्टारमध्येच गिरविली. त्या काळच्या अनेक कळफलकांवर कंट्रोल ‘ए’च्या शेजारी असे. पुढे ती खालच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्या जागी कॅप्स लॉक आले. करंगळीचे त्यात नुकसानच झाले.

१९८१ च्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर बाण आकड्यांच्या कळांवर होते. उलट्या ‘टी’ची मांडणी रूढ झाली ती डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९८२ च्या एलके-२०१ या कळफलकापासून. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशवर तर बाणाच्या कळा मुळीच नव्हत्या. वापरणाऱ्यांनी व कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी माउसकडे वळावे, हा त्यामागील हेतू. तो आग्रह फार काळ टिकला नाही.

मग शॉर्टकट चांगला की बाण? या वादात आवेशाने बोलणारे पुष्कळ, मोजणारे थोडे. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन व ॲलन न्यूएल यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा कामांची वेळ बांधून दिली. साधारण टंकलेखकाला एक कळ दाबण्यास ०.२८ सेकंद, हात एका साधनावरून दुसऱ्यावर नेण्यास ०.४ सेकंद, आणि ‘आता काय करावयाचे’ हे मनाशी ठरविण्यास १.३५ सेकंद. हे आकडे सरासरीचे असले, तरी त्यांतील प्रमाण बोलके आहे. दोन अक्षरे मागे जावयाचे असेल, तर बाणाकडे जाऊन परत येण्यासह सुमारे १.३६ सेकंद लागतात. शॉर्टकट आठवावा लागला, तर आठवण्यातच तेवढा वेळ संपतो! उलट साठ अक्षरे मागे, ओळीच्या आरंभी, जावयाचे असेल तर एकेक बाण दाबत सतरा सेकंद जातील. कळ दाबून धरली तर कर्सर धावतो खरा, पण बहुधा पुढे निसटतो आणि परत आणावा लागतो. तेथे होमची एकच कळ पुरते. म्हणजे जवळच्या अंतराला बाण, लांबच्या अंतराला शॉर्टकट, आणि शॉर्टकटही असा की जो आठवावा लागत नाही. तीस-चाळीस शॉर्टकटांचा तक्ता भिंतीवर लावणाऱ्या कार्यालयात तो तक्ता कालांतराने कोणी वाचेनासे होते. होम, एण्ड, कंट्रोलसह डावा-उजवा बाण आणि कंट्रोलसह होम-एण्ड एवढे बोटांत बसले, तरी पत्रव्यवहाराचे बहुतेक काम निभावते. लहान लॅपटॉपवर होम व एण्ड पुष्कळदा ‘एफएन’च्या आड दडलेल्या असतात, त्या एकदा शोधून ठेवाव्या लागतात.

करआकारणीच्या यादीसारख्या एक्सेलच्या तक्त्यात तर कंट्रोलसह खालचा बाण वेगळेच काम करतो. भरलेल्या रकान्यातून कर्सर खाली झेपावतो आणि पहिल्या रिकाम्या चौकटीच्या अलीकडे थांबतो. आठशे ओळींच्या यादीत राहून गेलेली नोंद अशा रीतीने क्षणात सापडते.

मराठीत या हिशेबाला आणखी एक पदर आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते, पण संगणकात त्याचे दहा संकेत साठविलेले असतात. बाण सर्वसाधारणपणे दिसणाऱ्या अक्षरावरून उडी घेतो, बॅकस्पेस मात्र एकेक संकेत पुसते. शिवाय विभक्ती शब्दाला चिकटून येतात. ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून’ हा एकच शब्द, म्हणून कंट्रोलची उडी त्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जाते. चूक मध्ये असेल तर उरलेली वाट बाणानेच चालावी लागते. कंट्रोलसह बॅकस्पेस दाबणे तर मराठीत जरा धाडसाचेच. विभक्तीपुरता बदल हवा असताना सबंध शब्द जातो. गेलेला शब्द कंट्रोल-झेडने परत आणता येतो, पण तो गेल्याचे लक्षात आले तर.

लाभार्थ्यांच्या यादीत ‘शीला’ऐवजी ‘शिला’ पडले, तर आधारपत्रावरील नाव व यादीतील नाव जुळत नाही आणि त्या बाईंना पुन्हा कार्यालयाची पायरी चढावी लागते. अशा वेळी कर्सर ‘शि’च्या मागे ठेवून डिलीट दाबली, तर बहुतेक कार्यक्रमांत सबंध अक्षर पुसले जाते आणि घाईत ‘ला’ एवढेच उरते. कर्सर ‘शि’च्या पुढे नेऊन बॅकस्पेस एकदाच दाबली, की केवळ ऱ्हस्व वेलांटी जाते, ‘श’ जागेवर राहतो, आणि दीर्घ वेलांटीची एक कळ दाबून नाव पुरे होते.